काचेच्या बशीत मेलेला जिवाणू पोटात मरेल का?

‘अमुक वनस्पतीचा अर्क आतड्यांतल्या घातक जिवाणूंचा नाश करतो’ अशी बातमी दर थोड्या दिवसांनी कुठेतरी झळकते. सोबत एक फोटो असतो. गोल काचेची बशी, तिच्यात पिवळसर थर आणि त्या थरात चार-पाच स्वच्छ गोल खिडक्या. बातमी वाचून लोक विचारतात, ही पानं किती घ्यायची, किती दिवस घ्यायची? प्रश्न अगदी रास्त आहेत. ज्याचं पोट महिनोन्महिने बिघडलेलं असतं त्याला उत्तर हवंच असतं. पण त्या फोटोत या प्रश्नांचं उत्तर नसतं. एका वेगळ्याच आणि फार छोट्या प्रश्नाचं उत्तर त्यात असतं.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकत असताना अशा शेकडो बशा मी ओतल्या, मोजल्या आणि धुतल्या. त्यामुळे तो छोटा प्रश्न कोणता आणि तिथून माणसाच्या पोटापर्यंतची वाट किती लांब आहे, हे नीट सांगावंसं वाटतं.

अर्क म्हणजे नेमकं काय?

वनस्पतीचा भाग वाळवायचा, दळायचा, एखाद्या द्रवात भिजत ठेवायचा, गाळायचा आणि मग तो द्रव उडवून टाकायचा. मागे उरतो तो गडद, चिकट पदार्थ म्हणजे अर्क. ज्या द्रवात भिजवलं तो द्रावक. सगळी मेख या द्रावकात आहे. पाण्यात जे उतरतं ते सगळंच अल्कोहोलमध्ये उतरत नाही आणि तेलकट घटक पाण्यात जवळजवळ उतरतच नाहीत. एकाच पानाचा पाण्यातला, मिथेनॉलमधला आणि हेक्झेनमधला अर्क हे खरं तर तीन वेगळे पदार्थ आहेत. बातमीत नुसतं ‘पानांचा अर्क’ म्हटलं असेल तर अर्धी माहिती गायब आहे असं समजावं.

द्रावकाने आणि उष्णतेने किती फरक पडतो याचा मोठा दाखला चीनमधला आहे. तू यूयू या चिनी औषधशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी मलेरियावर वनस्पतींचे अर्क तपासत होते. आर्टेमिसिया या वनस्पतीचा अर्क कधी चालायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात तू यूयूंना असं सापडलं की ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून घ्यायची. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. मग उष्णतेनेच गुण जात असेल का, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ३५ अंशांच्या आसपास उकळणारं ईथर वापरलं. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधला मलेरियाचा परजीवी पूर्ण नाहीसा केला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मलेरियाचा परजीवी म्हणजे जिवाणू नव्हे, पण धडा तोच आहे. वनस्पती तीच होती, काढण्याची रीत बदलली आणि निकाल फिरला.

लसणाचं पाहा. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन हे जिवाणूरोधक द्रव्य जवळजवळ नसतंच. त्याचा कच्चा माल आणि त्यापासून ते घडवणारं विकर म्हणजे एन्झाइम पाकळीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. ठेचलं की दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं. आधीच उकळलं तर विकर निकामी होतं आणि गाठ पडूनही उपयोग नसतो. म्हणजे आधी ठेचलं की आधी उकळलं एवढ्यावर सगळा निकाल पालटू शकतो.

बशीत काय घडतं?

आता ती बशी जवळून पाहू. तिच्यात समुद्री शेवाळापासून काढलेल्या अगारचा जेलीसारखा थर असतो, साधारण ४ मिलिमीटर जाडीचा, जिवाणूंचं खाद्य मिसळलेला. जिवाणू आधी मिठाच्या पाण्यात कालवतात. ते पाणी किती गढूळ असावं हेसुद्धा ठरलेलं असतं. काळ्या रेघांच्या कार्डासमोर नळी धरायची आणि ठरीव गढूळपणाच्या नळीशी ताडून पाहायची. जुळलं की एका मिलिलिटरमध्ये सुमारे १५ कोटी जिवाणू आले असं धरतात. मग कापसाचा बोळा त्यात बुडवून बशीभर फिरवायचा, बशी थोडी वळवायची, पुन्हा फिरवायचा, कुठे कोरडं राहू द्यायचं नाही. त्यावर ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या चिमट्याने ठेवायच्या. एकीवर अर्क, एकीवर माहितीतलं प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक आणि एकीवर नुसतं द्रावक.

बशी रात्रभर उबेत ठेवली की सकाळी तिच्यावर जिवाणूंची साय धरलेली असते. ज्या चकतीतून काही जिवाणूरोधक झिरपलं असेल तिच्याभोवती साय धरत नाही. तेच ते स्वच्छ वर्तुळ. बशी उलटी करून काळ्या कागदावर धरायची आणि पट्टीने व्यास मोजायचा. या मापात चकतीही येते, म्हणून ‘६ मिलिमीटर’ याचा अर्थ परिणाम शून्य. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तक्त्यातला ६ हा आकडा पाहून ‘थोडा तरी परिणाम आहे’ असं समजणारे बरेच भेटतात.

नुसत्या द्रावकाची चकती कशाला, असं पहिल्या वर्षी मलाही वाटायचं. एके सकाळी माझ्या बशीत त्याच चकतीभोवती ११ मिलिमीटरचं वर्तुळ आलं. चकत्या पुरत्या वाळायच्या आधीच मी ठेवल्या होत्या आणि जिवाणूंना अर्काने नव्हे, मिथेनॉलने रोखलं होतं. त्याआधीच्या तीन दिवसांची मापं खोडावी लागली. ती साधी चकती नसती तर मी त्या पानांना एक खोटा गुण चिकटवून मोकळी झाले असते.

वर्तुळ मोठं म्हणजे अर्क जोरदार?

नाही. टीपकागदावर शाईचा थेंब टाकला तर भराभर पसरतो, मधाचा थेंब जागीच बसतो. अगारातही तसंच होतं. लहान, पाण्यात विरघळणारे रेणू लांब जातात. टॅनिनसारखे मोठे रेणू चकतीजवळ अडकतात आणि तेलकट घटक अगारात शिरायलाच तयार नसतात. लहान वर्तुळाचा अर्क खरं तर जास्त ताकदीचा असू शकतो. तो फक्त चालण्यात मागे पडतो.

‘अर्काने अँटिबायोटिकला मागे टाकलं’ हे वाक्य वाचलं की मी आधी मात्रा शोधते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या प्रमाणित चकतीत फक्त ५ मायक्रोग्रॅम औषध असतं. अर्काच्या चकतीवर एक मिलिग्रॅम जरी ठेवला तरी तो त्याच्या २०० पट झाला. अशी तुलना करून काहीच हाती लागत नाही.

म्हणून पुढची पायरी वेगळी असते. ९६ खळग्यांच्या ताटलीत जिवाणू आणि अर्क घ्यायचे, प्रत्येक खळग्यात मात्रा आधीच्या निम्मी करत जायची आणि ज्या सर्वात कमी मात्रेला पाणी गढूळ होत नाही ती टिपायची. हिला एमआयसी म्हणतात, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा. कच्च्या अर्कांची एमआयसी बहुधा मिलिलिटरला शेकडो मायक्रोग्रॅममध्ये असते. १००० च्या वर गेली तर अनेक जाणकार तो निकाल फारसा मनावर घेत नाहीत. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या, औषधाला दाद देणाऱ्या प्रकारांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनची एमआयसी ०.०१५ मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. अर्कावर अन्याय नको, कारण त्यात शेकडो घटक असतात आणि काम करणारा घटक कदाचित शंभरातला एकच असेल. तो वेगळा काढून पुन्हा मोजला की खरी ताकद कळते. पण हे काम वर्षानुवर्षांचं असतं, त्यामुळे बातमी त्याच्या आधीच येते.

आणखी एक गोष्ट. वर्तुळात जिवाणू वाढले नाहीत एवढंच कळतं, ते मेले की नुसते थांबले हे कळत नाही. ते पाहायचं तर स्वच्छ खळग्यातला थेंब ताज्या अगारावर पसरून बघावा लागतो. हजारातले ९९९ मेलेले आढळले तरच ‘मारतो’ हा शब्द वापरायची रीत आहे. बातम्यांत मात्र पहिल्या वर्तुळापासूनच ‘नाश’ सुरू होतो.

ई. कोलाय थांबला, मग पोट सुधारेल ना?

या प्रश्नावर जरा रेंगाळायला हवं, कारण बहुतेक गैरसमज इथूनच निघतात. थिओडोर एशेरिख या डॉक्टरांनी १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून या जिवाणूची नोंद केली. त्याचे काही प्रकार खरंच घातक आहेत, पण बहुतेक निरुपद्रवी. १९१७ मध्ये आल्फ्रेड निसले यांनी, भोवतालचे सैनिक जुलाबांनी आजारी पडत असताना ठणठणीत राहिलेल्या एका सैनिकाच्या पोटातून एक ई. कोलाय वेगळा काढला. तो प्रकार आजही प्रोबायोटिक म्हणून वापरला जातो. म्हणून ‘ई. कोलायला रोखतो’ यावर पहिला सवाल असा: कोणत्या ई. कोलायला?

दुसरं म्हणजे, निरोगी मोठ्या आतड्यात ई. कोलाय मूठभरच असतो. २०१६ च्या एका काटेकोर अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, आणि त्यांचं वजन मिळून साधारण २०० ग्रॅम. त्यांतल्या बहुतांशांना ऑक्सिजन सोसत नाही. उदाहरणार्थ, फिकॅलिबॅक्टेरियम हा जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतो आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन असतं. तोच जिवाणू उघड्या हवेत काही मिनिटांत मरू लागतो.

मग साध्या प्रयोगशाळेत कोण तपासला जातो? जो हवेत, साध्या खाद्यावर, एका रात्रीत वाढतो तो ई. कोलाय. बाकीच्या रहिवाशांसाठी नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थोड्या हायड्रोजनने भरलेला बंद कक्ष लागतो. त्याच्या भिंतीतच हातमोजे बसवलेले असतात आणि सगळं काम त्यांतून हात घालून करायचं. एक चकती नीट ठेवायला दुप्पट वेळ लागतो. ज्या संशोधनात हा कक्ष वापरलाय, तिथे ‘आतड्यातले जिवाणू’ या शब्दांना खरा अर्थ येतो.

जर्मनीतल्या हायडलबर्गच्या युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. बाजारातली हजारांहून जास्त औषधं त्यांनी आतड्यातल्या जिवाणूंच्या ४० प्रातिनिधिक प्रकारांवर तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जी औषधं जिवाणूंसाठी नाहीतच, माणसाच्या पेशींवर काम करण्यासाठी बनवली आहेत, त्यांतल्याही २४ टक्के औषधांनी किमान एका प्रकाराची वाढ रोखली. शुद्ध, ओळखीच्या रेणूंची ही कथा असेल, तर शेकडो घटकांच्या अर्काने फक्त वाईट जिवाणू वेचून मारले हे कशावरून?

सगळेच जिवाणू मारले तर काय बिघडलं?

शेतात एका तणासाठी सगळं जाळणारं औषध फवारलं तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. मोकळ्या झालेल्या जमिनीत पहिल्यांदा पुन्हा काय उगवतं? तणच. आतड्यातही नेमकं तसंच होतं. चांगल्या जिवाणूंनी जागा आणि अन्न व्यापलेलं असतं, म्हणून पाहुण्या रोगजंतूला पाय रोवता येत नाही.

१९५० च्या दशकात मार्जरी बोनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उंदरांवर दाखवलं. साध्या उंदरांना साल्मोनेला या रोगजंतूची लागण करायला लाखाच्या आसपास जिवाणू पाजावे लागत. आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन आतडं मोकळं केलं तर दहापेक्षाही कमी पुरत. माणसांमध्ये अँटिबायोटिकनंतर उद्भवणारा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचा जुलाबही याच रिकाम्या जागेचं फळ आहे. काही वेळा तो जीवावर बेततो.

म्हणून अर्काच्या चाचणीत मला कोण मेलं यापेक्षा कोण वाचलं हे आधी जाणून घ्यायचं असतं. रोगजंतू थांबला आणि फिकॅलिबॅक्टेरियमसारखे रहिवासी शाबूत राहिले, तर तो अर्क पुढे नेण्याजोगा. दोघंही गेले तर नाही, मग वर्तुळ कितीही देखणं असो.

बशीतली मात्रा पोटात पोहोचते का?

पाचक रस आणि खाणंपिणं मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव आतड्यांतून जातो. गोळीतला अर्क त्यात पातळ होतो, जठरातल्या आम्लात काही घटक मोडतात, काही अन्नातल्या प्रथिनांना चिकटतात. पण इथे एक गोष्ट अर्कांच्या बाजूची आहे आणि ती सांगायला हवी. रक्तातल्या आजारासाठी ‘हे द्रव्य शरीरात शोषलं जात नाही’ ही तक्रार असते. आतड्यातल्या जिवाणूंसाठी तोच गुण ठरतो, कारण न शोषलेलं द्रव्य त्यांच्यापर्यंत खाली उतरतं. दारुहळदीतलं बर्बेरिन रक्तात फार थोडं जातं. बाकीचं आतड्यातच राहतं.

आणि आतड्यात पोहोचल्यावर ते तसंच राहतं असंही नाही. जिवाणू त्याच्यावर काम करतात. सोयाबीनमधल्या डेडझिन या घटकापासून आतड्यातले काही जिवाणू इक्वॉल नावाचं द्रव्य बनवतात, पण हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकच अर्क दोघांनी घेतला तरी आतून दोघांना वेगवेगळी द्रव्यं मिळतात. बशीत हे घडणं शक्यच नाही, कारण तिथे एकटाच जिवाणू आणि एकटाच अर्क असतो.

‘अख्खी वनस्पती गुणकारी, तुम्ही एकच रेणू का शोधता?’

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. कधीकधी तो अगदी खरा ठरतो. दारुहळदीच्या कुळातल्या वनस्पतींमधलं बर्बेरिन एकटं असताना स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर कमजोर पडतं. जिवाणूच्या पेशीपटलात पंपासारखं एक प्रथिन असतं आणि ते आत शिरलेलं बर्बेरिन बाहेर फेकत राहतं. २००० मध्ये फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुइस यांच्या गटाने दाखवलं की त्याच वनस्पतींमध्ये आणखी एक घटक असतो. तो स्वतः जिवाणूला काही करत नाही, फक्त तो पंप बंद पाडतो. मग बर्बेरिन आत साठतं आणि काम करतं. नुसत्या बर्बेरिनकडे पाहणाऱ्याला हे दिसलंच नसतं.

पण हे कळलं ते दोन्ही घटक वेगळे काढून, वेगळे आणि एकत्र तपासले म्हणूनच. ‘अख्खी वनस्पती’ असं म्हणून तिथेच थांबलं असतं तर पंपाचा पत्ता लागला नसता.

‘पिढ्यानपिढ्या वापरात आहे, मग धोका कसला?’

लगेच होणारा त्रास पिढ्यांच्या अनुभवातून कळतो. वर्षांनी होणारं नुकसान कळत नाही, कारण मूळ कारण आणि परिणाम यांची सांगड कोणी घालू शकत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून ॲरिस्टोलोकिया कुळातली वनस्पती आली. शंभराहून जास्त स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, अनेकींची ती निकामी झाली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ॲरिस्टोलोकिया अनेक ठिकाणी शतकानुशतकं औषधात होती. म्हणून वनस्पती नेमकी कोणती हे ओळखून तिचा नमुना जपून ठेवणं हा चाचणीचा पहिला टप्पा आहे आणि माणसाच्या पेशींवर अर्क तपासणं हा पुढचा. जो अर्क जिवाणूंना आणि आपल्या पेशींना एकाच मात्रेत मारतो, तो जंतुनाशक आहे. त्याला औषध म्हणता येणार नाही.

दुसरी औषधं चालू असतील तर आणखी जपायला हवं. सेंट जॉन्स वर्ट ही मनःस्थितीसाठी घेतली जाणारी वनस्पती यकृतातली विकरं वाढवते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन हे औषध यांचा असर घटतो. जुलाबात रक्त, ताप किंवा अंगातलं पाणी कमी झाल्याची चिन्हं असतील तर अर्काचे प्रयोग करत बसू नये. आधी मीठ-साखरेच्या प्रमाणित द्रावणाने पाणी भरून काढावं आणि डॉक्टर गाठावा.

न मारताही बरं करता येतं

शेवटी मला सर्वात आवडणारं उदाहरण. दक्षिण अमेरिकेत क्रोटॉन लेक्लेरी नावाचं झाड आहे. खोडाला चीर दिली की रक्तासारखा लाल चीक गळतो. तिथले लोक तो जखमांवर आणि जुलाबांवर वापरत आले आहेत. त्या चिकातून क्रोफेलेमर हे औषध तयार झालं. ते जिवाणूंना मारून काम करत नाही. आतड्याच्या अस्तरात क्लोराइड बाहेर सोडणाऱ्या वाटा असतात आणि क्लोराइडमागे पाणी जातं. क्रोफेलेमर त्या वाटा अडवतं, त्यामुळे आतड्यात पाणी कमी सुटतं. स्वच्छ वर्तुळाच्या मागे लागणाऱ्या कोणालाही हा गुण बशीत सापडला नसता.

एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या आणि जुलाबांनी त्रासलेल्या ३७४ रुग्णांवर ते तपासलं गेलं. चार आठवड्यांपैकी किमान दोन आठवडे, आठवड्याला दोनपेक्षा जास्त पातळ जुलाब नकोत, अशी बरं वाटण्याची व्याख्या आधीच ठरवलेली होती. औषध घेणाऱ्यांपैकी १७.६ टक्के त्या व्याख्येत बसले आणि गुण नसलेली दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. याच आकड्यांवर २०१२ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.